बार्नहिलची घरवही

मे 1946च्या अखेरच्या आठवड्यातली एक नोंद आहे. बागेत खणायला सुरुवात केली, म्हणजे आधी गवताचा चिवट थर फोडायचा. काम कंबरडं मोडणारं. माती ठणठणीत कोरडी आणि दगडगोट्यांनी भरलेली. थोडा तुकडा तयार झाला की सॅलडच्या भाज्या लावायच्या. पानगळीच्या दिवसांत झुडपं, ऱ्हुबार्ब आणि जमलं तर फळझाडं. मात्र हरणांपासून ती वाचवायची तर उंच आणि भक्कम कुंपण घालावं लागेल. हे लिहिणारा माणूस नुकताच त्या घरात उतरला होता आणि घरात अजून धड सामानही लागलेलं नव्हतं.

घराचं नाव बार्नहिल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या जुरा बेटाच्या उत्तर टोकाला असलेलं, काही वर्षं रिकामं पडलेलं शेतघर. माणूस बेचाळीस वर्षांचा एरिक ब्लेअर, म्हणजेच जॉर्ज ऑर्वेल. ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी मुख्यतः याच घरात लिहिली गेली आणि ती प्रसिद्ध झाल्यावर साडेसात महिन्यांत लेखक क्षयाने गेला. त्यामुळे बार्नहिलची गोष्ट नेहमी शेवटाकडून मागे अशी सांगितली जाते: जगाला विटलेला, खंगलेला लेखक एका ओसाड बेटावर जणू मरायलाच गेला. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला पुरावा विचारायचं कुणाला सुचत नाही. पण पुरावा आहे, भरपूर आहे, आणि तो वेगळंच सांगतो.

पुरावा म्हणजे पत्रं आणि एक घरवही. रोजची हवा, बागकाम, कोंबड्या, सरपण यांची नोंद ठेवायची सवय ऑर्वेलला 1938पासून होती. राजकीय घडामोडींची रोजनिशी वेगळी, घरची वेगळी. मूळ कागद लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ऑर्वेल संग्रहात आहेत. पीटर डेव्हिसन यांनी संपादित केलेल्या समग्र साहित्याच्या वीस खंडांत (1998) ते तारीखवार छापलेही गेले. रोजनिशीतली नोंद आणि त्याच आठवड्यातलं पत्र शेजारी ठेवून वाचता येतं, ही डेव्हिसन यांच्या कामाची मोठी देणगी आहे.

युद्धाच्या काळात ऑर्वेल बीबीसीच्या पौर्वात्य विभागात होता, 1941 ते 1943. हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांत तिथे त्याची सहायक होती वेणू चितळे, पुढे ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिणारी मराठी लेखिका. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल एकाच ध्वनिमुद्रण कक्षात असलेलं प्रसिद्ध छायाचित्र आहे, त्यात ती साडीत बसलेली दिसते. मराठीतून प्रसारित होणाऱ्या वार्तापत्रांचे इंग्रजी मसुदेही ऑर्वेलने लिहिले. त्या माणसाचा दिवस बैठका, सेन्सॉरची तपासणी आणि वेळापत्रकं यांत जात होता, आणि मनात एक बेट होतं. 20 जून 1940च्या, म्हणजे पॅरिस पडल्यानंतरच्या आठवड्यातल्या युद्धकालीन रोजनिशीत तो हेब्रिडीजमधल्या ‘आपल्या’ बेटाचा उल्लेख करतो. ते आपल्याला कधी मिळणार नाही, बहुधा दिसणारही नाही, असंही लगेच म्हणतो. म्हणजे बेटाची ओढ आजारपणातून किंवा पत्नीच्या मृत्यूतून आलेली नाही. ती त्या मृत्यूच्या जवळजवळ पाच वर्षं आधीची आहे.

शिवाय ती एकट्याची नव्हती. पत्नी आयलीनचं 21 मार्च 1945चं लांबलचक पत्र उपलब्ध आहे. लंडनमधलं जगणं आपल्याला दुःस्वप्नासारखं वाटतं, आणि लंडनमध्ये कितीही पैसा मिळाला तरी त्यापेक्षा खेड्यात वर्षाला दोनशे पौंडांवर राहणं आपण केव्हाही पत्करू, असं ती त्यात स्पष्ट सांगते. बार्नहिलचा विषय त्या दिवसांत दोघांमध्ये निघालेला होता. आठच दिवसांनी, 29 मार्चला, शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलीत तिचा मृत्यू झाला. त्यांनी दत्तक घेतलेला रिचर्ड तेव्हा दहा महिन्यांचा होता. त्या सप्टेंबरात ऑर्वेल जुरा पाहून आला. बेट सुचवलं होतं ‘ऑब्झर्व्हर’शी संबंधित मित्र डेव्हिड अॅस्टर यांनी, त्यांच्या कुटुंबाची तिथे जमीन होती. बार्नहिलची मालकी मात्र बेटावरच्याच आर्डलुसाच्या फ्लेचर कुटुंबाकडे होती आणि ऑर्वेल त्यांचा भाडेकरू झाला. एकट्या माणसाची लहर म्हणून हे स्थलांतर सांगताना आयलीनचं पत्र बाजूला ठेवावं लागतं, आणि मला तो तिच्यावर अन्याय वाटतो. घराचा विचार दोघांचा होता. जायची वेळ आली तेव्हा एकच उरला होता.

मे 1946मध्ये जुराकडे निघताना तो वाटेत आयलीनच्या कबरीवर थांबला. रोजनिशीत शोकाचा शब्द नाही. तिथे आधी लावलेली गुलाबाची रोपं चांगली रुजली आहेत आणि आज आणखी काही फुलझाडं लावली, एवढंच आहे. 23 मे रोजी तो बार्नहिलला पोचला.

घर कसं होतं हे आपल्याला त्याच्यापेक्षा त्याची धाकटी बहीण अॅव्हरिल हिच्याकडून नीट कळतं. ती आठवडाभरात मदतीला आली आणि राहूनच गेली. त्या उन्हाळ्यात तिने लिहिलेल्या पत्रात घरच उभं राहतं: पाच झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, दोन बैठकीच्या खोल्या, प्रचंड मोठं स्वयंपाकघर, कोठारं, दुधाची खोली, दर्शनी बाजू दक्षिणेकडे आणि समोर जुराच्या सामुद्रधुनीत विखुरलेली छोटी बेटं. तिच्या पत्रातला सूर घरावर खूश झालेल्या बाईचा आहे. वीज नव्हती, टेलिफोन नव्हता. उजेडाला रॉकेलचे दिवे, स्वयंपाकाला कॅलर गॅसची टाकी, आंघोळीच्या पाण्याला मोठी चूल. आर्डलुसा सात मैलांवर, आणि शेवटचे काही मैल म्हणजे रस्ता कसला, नुसती चाकोरी. ऑर्वेलकडे मोटरसायकल होती, ती सारखी बंद पडे. चाकोरीच्या मधोमध वाढणारं गवत कापायला तो विळा सोबत बाळगायचा, अशी मार्गारेट फ्लेचर यांची आठवण आहे.

त्या पहिल्या उन्हाळ्याच्या नोंदी वाचताना लक्षात येतं की हा माणूस घर लावतो आहे, आणि अगदी मुळापासून लावतो आहे. पीट, म्हणजे दलदलीतलं मातकट सरपण, कापून वाळत टाकलं. ससे मारले, एकाचं कातडं कमावून पाहिलं. हरणाच्या हाडाचा मोहरीचा चमचा केला. संध्याकाळी होडीतून मासे धरले. नवी गॅसची टाकी कोणत्या दिवशी लावली, रॉकेल किती उरलं, हेही त्यात येतं. जुलै 1946मध्ये ब्रिटनमध्ये पावावरही रेशन आलं होतं, पेट्रोलवर तर होतंच. त्या काळात सात मैलांवरच्या घराला रॉकेलचा हिशोब चुकवून चालणार नव्हतं. हे तपशील कंटाळवाणे वाटू शकतात. मला उलट वाटतं. नव्या घरात कुठली वस्तू किती दिवस पुरते हे कळेपर्यंत माणूस पाहुणाच असतो, आणि ऑर्वेल ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवत होता. कादंबरीचा उल्लेख घरवहीत जवळजवळ नाहीच. ती सुरू झाल्याचं आपल्याला पत्रातून कळतं: सप्टेंबरअखेर त्याने एका मित्राला कळवलं की सुमारे पन्नास पानं झाली आहेत.

हिवाळ्यासाठी तो लंडनला परतला. आता फळझाडांची गोष्ट, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

26 एप्रिल 1946 रोजी, म्हणजे जुराला जाण्याच्या महिनाभर आधी, ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात त्याचा एक लेख आला होता. पूर्वी वॉलिंग्टनच्या झोपडीवजा घरात त्याने वूलवर्थच्या दुकानातून अगदी स्वस्तात आणलेली रोपं लावली होती. त्यांचं दहा वर्षांत काय झालं हे सांगून, टिकाऊ झाड लावणं ही पुढच्या पिढीला फुकटात देता येणारी भेट आहे, असं त्याने त्यात मांडलं. आता रोजनिशीतला जानेवारी 1947 पाहा. ऐन हिवाळ्यात, फक्त काही दिवसांसाठी, तो लंडनहून जुराला गेला. बोट चुकली, ग्लासगोत दोन दिवस खोळंबा झाला, समुद्र खवळलेला, बोट लागून उलट्या. जुरावरच्या क्रेगहाउसच्या धक्क्याला बोट टेकायलाच पाऊण तास लागला. पोचल्यावर दिसलं की सशांनी भाजीचे वाफे फस्त केले आहेत. आणि त्यानंतर यादी येते: डझनभर फळझाडं, लाल आणि काळ्या करंटची झुडपं, गूसबेरी, ऱ्हुबार्ब, गुलाब, सगळं डझनाच्या हिशोबाने लावलं. मे महिन्यात दगडगोटे उपसताना ठरवलेलं जानेवारीत केलं. फळझाड धरायला वर्षं लागतात, आणि ज्याने काही महिन्यांपूर्वीच त्यावर लेख लिहिला होता त्याला हे सांगायची गरज नव्हती. मरायला आलेला माणूस भाड्याच्या जमिनीत हे करत नाही.

एप्रिल 1947मध्ये सगळं कुटुंब पुन्हा बार्नहिलला आलं. पोचताच त्याने मैत्रीण सोनिया ब्राउनेल हिला निमंत्रणाचं पत्र लिहिलं, आणि ते पत्र म्हणजे प्रवासाचं वेळापत्रकच आहे. सकाळी ग्लासगोहून गूरॉकची गाडी, तिथून बोटीने पूर्व टार्बर्ट, बसने पश्चिम टार्बर्ट, पुन्हा बोट, दुपारी क्रेगहाउस, मग भाड्याची मोटार. रेनकोट आण, मजबूत बूट आण, गमबूट असतील तर उत्तम. थोडं पीठ आणि चहा आणलास तर मदत होईल. खोली लहान आहे, पण खिडकीतून समुद्र दिसतो. या पत्रावर बरंच हसून झालं आहे: हे काय प्रेमिकेला लिहायचं पत्र झालं का! मला त्यात यजमानाची खरी काळजी दिसते. वाट अवघड आहे हे तो लपवत नाही, आणि घराचा अभिमानही लपवत नाही. एकांतासाठी पळालेल्या माणसाने एवढ्या बारकाईने कुणाला बोलावलं नसतं, आणि त्याने सोनियाला एकटीलाच बोलावलं असंही नाही. त्या उन्हाळ्यांत भाचरं आली, मित्र आले. सोनिया मात्र बार्नहिलला कधीच गेली नाही.

19 ऑगस्ट 1947ला भाचरं आणि तीन वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन होडीने परतताना तो कोरिव्रेकन नावाच्या समुद्रातल्या भोवऱ्यात सापडला. भरतीची वेळ चुकली, होडीचं इंजिन समुद्राने ओढून नेलं. खडकाळ बेटाशी पोचताच होडी उलटली. मासेमारांनी सोडवेपर्यंत सगळे त्या खडकावर भिजलेले होते. घरवहीत ही घटना आहे, पण तिथेही हरवलेल्या वल्ह्यांचा आणि सामानाचा हिशोब आहे.

घरवही काय सांगत नाही हेही वाचावं लागतं. 1947च्या शेवटी पहिला मसुदा पुरा झाला आणि डिसेंबरात त्याला ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. निदान क्षयाचं. स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध अॅस्टरच्या मदतीने अमेरिकेतून मागवलं. ते त्याच्या अंगाला सोसलं नाही. पण वही थांबली नाही. डिसेंबर 1947च्या अखेरीपासून मे 1948पर्यंतच्या नोंदी अॅव्हरिलच्या आहेत: तीच हवा, तीच जनावरं, तोच बागेचा हिशोब. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. वही एका लेखकाची राहिली नव्हती, घराची झाली होती.

जुलै 1948च्या अखेरीस तो परतला आणि नोंदी पुन्हा त्याच्या झाल्या. अंड्यांच्या आकड्यांच्या मध्येच आता कुशीतलं दुखणं येतं, रात्रीचा ताप येतो, पुन्हा अंडी. बेटाने त्याला मारलं असं म्हणणाऱ्यांनी जुराची हवा समुद्रामुळे सौम्य असते हे विसरू नये. 1947च्या सुरुवातीची कोळशाच्या टंचाईतली लंडनची थंडी त्याहून वाईट होती. मात्र दवाखान्यापासून इतक्या दूर, तब्येत ढासळत असताना, टंकलेखक मिळाली नाही म्हणून त्याने अख्खी कादंबरी अंथरुणात बसून स्वतः टाइप केली. हा निर्णय त्याला महागात पडला, आणि तो समर्थनीय आहे असं मी म्हणणार नाही.

24 डिसेंबर 1948ची नोंद बार्नहिलमधली त्याच्या हातची शेवटची. कडाक्याचं हिम, समुद्र शांत. ख्रिसमससाठी ठेवलेला गूस पक्षी पळाला आणि मैलभरावर समुद्रात पोहताना सापडला. शेती पाहणारा बिल डन होडीतून त्याच्या मागे गेला. साफ करण्याआधी वजन साडेदहा पौंड. स्नोड्रॉप सगळीकडे वर आले आहेत, ट्युलिपचे थोडे कोंब दिसू लागले आहेत.

जानेवारी 1949मध्ये तो ग्लॉस्टरशरमधल्या क्रॅनमच्या आरोग्यधामात गेला आणि जुराला परत आला नाही. 21 जानेवारी 1950 रोजी लंडनच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. अॅव्हरिल आणि बिल डन यांनी पुढे लग्न केलं आणि रिचर्डला त्यांनीच वाढवलं. रिचर्ड शेतीचं शिक्षण घेऊन कृषी अभियंता झाला.