रोवणीचे दिवस आणि रिकामे दिवस: जेवण किती वाढवावे, किती कमी करावे?

भंडारा जिल्ह्यात वर्षभर सारखे कष्ट नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी, मे महिन्यात तेंदूपाने. मधल्या काळात अनेकांना फारसे काम नसते. ताटातला भात मात्र बहुधा तेवढाच राहतो. त्यामुळे काहींचे वजन रिकाम्या महिन्यांत वाढते, तर मधुमेहाच्या काही रुग्णांची साखर कामाच्या दिवसांत धोकादायकरीत्या खाली जाते.

शरीराला किती कॅलरी लागतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले रोजच्या गरजेचे आकडे असे आहेत:

- ५५ किलो वजनाची स्त्री: बैठे काम १६६०, मध्यम कष्ट २१३०, जड कष्ट २७२० कॅलरी
- ६५ किलो वजनाचा पुरुष: बैठे काम २११०, मध्यम कष्ट २७१०, जड कष्ट ३४७० कॅलरी

हे सरासरी आकडे आहेत. वय, वजन आणि आजारानुसार तुमची गरज कमी-जास्त असू शकते.

व्यायाम आणि दिवसभराचे कष्ट यांत फरक आहे

६५ किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यास साधारण १०० ते १२० कॅलरी खर्च होतात. पोलीस भरतीची १६०० मीटर धाव एकदा धावली तरी खर्च जवळपास १०० कॅलरीच असतो. एका समोशात याच्या दुप्पट कॅलरी असू शकतात. म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी "आज व्यायाम झाला" म्हणून जेवण वाढवू नये आणि एखाद्या दिवशी फिरणे चुकले म्हणून उपाशीही राहू नये.

भरतीसाठी रोज तास-दीड तास कसून सराव करणाऱ्या मुलामुलींना मात्र जास्त अन्न लागते. सरावाला सुट्टी असेल त्या दिवशीही त्यांनी जेवण फार कमी करू नये, कारण स्नायूंची झीज विश्रांतीतच भरून निघते.

रोवणीच्या दिवसांत काय वाढवावे?

एरवी मध्यम कष्ट करणाऱ्या स्त्रीला दिवसभर चिखलात वाकून रोवणी करताना सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्या अशा मिळू शकतात:

- एक ज्वारीची भाकरी: सुमारे १७० कॅलरी
- एक वाटी भात: सुमारे २०० कॅलरी
- एक वाटी घट्ट वरण: सुमारे १०० कॅलरी
- एक लहान मूठ शेंगदाणे: सुमारे ११० कॅलरी

हे सगळे रात्री एकदम खाऊ नये. सकाळी निघण्यापूर्वी थोडे, दुपारच्या डब्यात थोडे आणि मधल्या सुट्टीत थोडे असे वाटून घ्यावे. नुसत्या साखरेच्या चहावर दुपारपर्यंत काम करू नये.

रिकाम्या दिवसांत काय कमी करावे?

एक-दोन दिवसांच्या विश्रांतीसाठी काही बदलायची गरज नाही. काम आठवडाभरापेक्षा जास्त बंद असेल तर वाढवलेले अन्न हळूहळू कमी करावे. आधी साखर, तळलेले पदार्थ आणि वरचे तेल कमी करावे, मग भात. वरण, भाजी, अंडी, तळ्यातली मासळी कमी करू नये. महिन्यातून दोनदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन करावे. वजन सतत वाढत असेल तर भात आणखी थोडा कमी करावा आणि रोज चालावे.

मधुमेह असेल तर विशेष काळजी

इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांची साखर जड कामात एकदम उतरू शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका कमी असतो. हातपाय थरथरणे, घाम, धडधड, चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. शेतात घाम उन्हाचा समजला जातो आणि उपचाराला उशीर होतो. कष्टाच्या दिवसानंतर त्या रात्रीही साखर उतरू शकते, म्हणून रात्रीचे जेवण टाळू नये.

लक्षणे दिसल्यास:

१. काम थांबवून बसावे. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी.
२. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच साखर घ्यावी.
३. बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खावा.
४. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

साखरेची पुडी कमरेला असू द्यावी आणि सोबत काम करणाऱ्यांना आपल्या आजाराची माहिती द्यावी.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

हंगाम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी भेटून कामाच्या दिवसांसाठी औषधाचा डोस विचारून घ्यावा. हंगाम संपल्यावर पुन्हा भेटावे, कारण कष्ट थांबले की तोच डोस कमी पडू शकतो. मनाने गोळी बंद करू नये किंवा वाढवू नये. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, गर्भारपण, किंवा पुरेसे जेवूनही वजन घटत असल्यास आहारात बदल करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.