काळ्या स्टिकरवरील पांढरे मुद्रण

काळ्या स्टिकरवरील पांढरे मुद्रण म्हणजे मागील बाजूस चिकटद्रव्य असलेल्या कागदावर किंवा प्लास्टिकच्या फिल्मवर काळ्या पार्श्वभूमीत पांढरी अक्षरे, चिन्हे अथवा चित्रे उमटवणे होय. यंत्रांवरील सूचनापट्ट्या, उपकरणांच्या नामपट्ट्या, बाटल्यांची लेबले आणि सजावटीचे स्टिकर यांसाठी त्याचा वापर होतो. बहुतेक पद्धती दोन गटांत मोडतात : काळ्या पृष्ठभागावर पांढरी शाई छापणे, किंवा पांढऱ्या पृष्ठभागावर काळी पार्श्वभूमी छापून आकृतीची जागा कोरी सोडणे. नक्षी जितकी बारीक, तितकी या दोहोंमधील निवड महत्त्वाची ठरते.

मूळ अडचण

चौरंगी मुद्रणातील सायन, मॅजेंटा व पिवळी या शाया पारदर्शक असतात. पांढऱ्या कागदावरून परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषून त्या रंगाचा आभास निर्माण करतात. या मुद्रणात पांढरी शाई नसतेच. चित्रातील पांढरा भाग म्हणजे न छापलेला कागद होय. त्यामुळे नेहमीच्या इंकजेट किंवा लेझर प्रिंटरमध्ये काळा कागद घातल्यास पांढरी अक्षरे उमटत नाहीत.

पांढऱ्या शाईतील प्रमुख रंगद्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड हे आहे. त्याच्या रुटाइल या प्रकाराचा अपवर्तनांक सुमारे २.७, तर शाईतील बंधकद्रव्याचा सुमारे १.५ असतो. या मोठ्या फरकामुळे प्रकाश विखुरला जातो आणि थर पांढरा दिसतो. मात्र खालचा काळा रंग पूर्ण झाकण्यासाठी थर पुरेसा जाड लागतो, आणि जाड थर बारीक रेषेच्या कडा पसरवतो. पद्धत निवडताना मुख्यतः याच विरोधातून मार्ग काढावा लागतो.

पांढरी शाई छापण्याच्या पद्धती

स्क्रीन प्रिंटिंग : ताणलेल्या जाळीच्या मोकळ्या छिद्रांतून शाई दाबली जाते. इंग्लंडमधील सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या मुद्रणाचे पेटंट घेतले. आता पॉलिएस्टरची जाळी वापरतात. या पद्धतीत शाईचा थर जाड बसत असल्याने शुभ्रता उत्तम मिळते. सेंटिमीटरला १२० धाग्यांची जाळी बारीक रेषा नीट उमटवते, पण शाई कमी सोडते. ७७ धाग्यांची जाळी अधिक शाई सोडते, पण बारकावे बुजवते. दोन हात दिल्यास दुसरा ठसा पहिल्यावर तंतोतंत बसावा लागतो. स्क्रीन तयार करण्याचा खर्च एकदाच होत असल्याने मोठ्या संख्येसाठी ही पद्धत परवडते.

यूव्ही इंकजेट : शाईचे थेंब पडताच ते अतिनील प्रकाशाने घट्ट केले जातात. स्क्रीन किंवा प्लेट लागत नसल्याने थोड्या प्रतींसाठी ही पद्धत सोयीची आहे. टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसते. म्हणून पांढरी शाई सतत फिरती ठेवावी लागते.

पांढऱ्या टोनरचा लेझर प्रिंटर : यात रेषा स्वच्छ येतात, मात्र टोनर उष्णतेने वितळवून बसवला जात असल्याने फिल्म उष्णता सोसणारी असावी लागते.

थर्मल ट्रान्सफर : रेझिनयुक्त पांढऱ्या रिबनवरील थर तापलेल्या मुद्रणशीर्षाने स्टिकरवर उतरवला जातो. इंचाला ३०० बिंदूंच्या यंत्रात एका बिंदूची रुंदी सुमारे ०.०८५ मिलिमीटर असते. प्रत्येक स्टिकरवर वेगळा क्रमांक हवा असल्यास ही पद्धत उपयोगी पडते.

पांढरे कोरे सोडण्याच्या पद्धती

पांढऱ्या कागदावर किंवा व्हिनाइलवर फक्त काळी पार्श्वभूमी छापण्यास मुद्रणव्यवसायात ‘रिव्हर्स’ म्हणतात. यात पांढरा रंग मूळ पृष्ठभागाचा असल्याने तो पूर्ण शुभ्र असतो आणि ऑफसेटसारख्या सूक्ष्म मुद्रणाचा लाभ घेता येतो. तथापि, काळी शाई किंचित पसरून पांढऱ्या रेषा बारीक करते. अर्ध्या पॉइंटपेक्षा, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटरपेक्षा बारीक पांढरी रेष ठेवणे मुद्रक सहसा टाळतात. काळा रंग अधिक गडद करण्यासाठी त्याखाली इतर रंग छापल्यास आणि ठसे थोडे सरकल्यास रेषांना रंगीत किनार येते; म्हणून बारीक नक्षीसाठी एकाच काळ्या शाईचा वापर श्रेयस्कर ठरतो. काळा थर खरवडल्यास आतील पांढरे दिसते. त्यावर लॅमिनेशन हा उपाय आहे.

दुहेरी थराच्या फिल्ममध्ये वरचा काळा थर लेझरने काढून खालचा पांढरा थर उघडा केला जातो. यात शाई नसल्याने ती पसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मोटारींवरील ओळखपट्ट्यांसाठी ही पद्धत वापरली जाते.

देवनागरी लिपीतील विशेष अडचणी

देवनागरीत अनेक अक्षरांमधील भेद अत्यंत लहान खुणेवर अवलंबून असतो. पांढरी शाई पसरल्यास शिरोरेषेतील फट बुजते. ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. त्यामुळे विद्युत्‌पेटीवरील ‘धोका’ हा इशारा ‘घोका’ असा वाचला जाऊ शकतो. रिव्हर्समध्ये याउलट घडते : काळी शाई आत शिरून ‘ष’मधील तिरकी रेघ नाहीशी होते व तो ‘प’ दिसतो, अनुस्वार आणि रफारही पुसट होतात. म्हणून पांढऱ्या शाईसाठी अक्षर किंचित सडपातळ, तर रिव्हर्ससाठी किंचित ठळक घेतले जाते.

पद्धतीची निवड

मोठ्या संख्येच्या, उन्हापावसात टिकाव्या लागणाऱ्या आणि मध्यम जाडीच्या रेषांच्या स्टिकरसाठी स्क्रीन प्रिंटिंग योग्य ठरते. थोड्या प्रतींसाठी यूव्ही इंकजेट किंवा पांढरा टोनर वापरतात. अतिशय बारीक नक्षी असून स्टिकर घर्षणापासून सुरक्षित राहणार असेल, तर रिव्हर्स मुद्रण सर्वांत स्वस्त व सुस्पष्ट ठरते. बारकावे आणि टिकाऊपणा दोन्ही आवश्यक असल्यास लेझरचा अवलंब केला जातो. कोणत्याही पद्धतीत अंतिम निर्णय प्रत्यक्ष वापरायच्या फिल्मवर, मूळ आकारात काढलेल्या नमुना प्रतीवरून घेणे इष्ट असते. संगणकाच्या पडद्यावर शाईचा पसर दिसत नाही.