आद्य ख्रिस्ती श्रद्धा आणि साताऱ्याचा ‘देवाचा दरबार’

समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एक ज्या गावी आहे ते बत्तीस शिराळा पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली त्या जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन विभाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. हा तपशील येथे देण्याचे कारण इतकेच, की रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला तो ह्याच अखंड जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यी. मठ, कीर्तन व नामस्मरण यांत मुरलेल्या ह्या मुलखात त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस एका ख्रिस्तभक्तीच्या पंक्तीस बसविण्याचा संकल्प केला.

टिळकांस हे आद्य ख्रिस्ती जीवनाकडे परतणे वाटत होते. तो दावा कितपत खरा, आणि त्या आद्य श्रद्धेपासून आजच्या संकटग्रस्त भाविकास काय मिळण्यासारखे आहे, हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

आद्य ख्रिस्ती म्हटले की रंगभूमीवरील सिंह व हुतात्मे एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनियाचा अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानास लिहिलेल्या पत्रात ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्तास स्तोत्र गाणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. चौकशीसाठी यातना दिलेल्या दोन दासी सेविकांचा आहे. आणि आपण हा पंथ कित्येक वर्षांपूर्वीच सोडला, असे सांगून सुटून गेलेल्या लोकांचाही आहे. पेत्राचे पहिले पत्र ज्या प्रांतांतील भाविकांस उद्देशून आहे त्यांत बिथुनियाही आहे. त्या पत्रातील संकटे पाहावीत: शेजाऱ्यांची निंदा, धन्याचा जाच, अविश्वासी पतीच्या घरातील पत्नीची कुचंबणा. टिळकांच्या घरी हाच प्रसंग उलट बाजूने घडला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस पतीने बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी जुन्या धर्मातच राहिली.

२५० साली सम्राट देकियसाने सर्व प्रजेस देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घेण्यास फर्माविले. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला. काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर ह्या पतितांचे काय करावयाचे, हा वाद पेटला. रोमच्या नोवाशियनाचे मत कठोर होते: त्यांना मंडळीत पुन्हा थारा नाही. कार्थेजचा बिशप किप्रियन, जो स्वतः त्या छळात अज्ञातवासात राहिला होता, त्याने २५१ च्या सभेत प्रायश्चित्तानंतरचा मार्ग मोकळा ठेवला. पुढे २५८ साली त्याचाच शिरच्छेद झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या वादाचे मोल हुतात्म्यांच्या कथांहून कमी नाही. कारण डगमगलेल्या माणसास परत येता येईल असे घर त्यात सिद्ध झाले. त्याच सुमारास रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू यांचे पोषण करीत होती, असे तेथील बिशप कर्नेलियसाच्या पत्रावरून दिसते. परीक्षेत श्रद्धा टिकली ती एकट्याच्या मनोबळावर नव्हे. मागे राहणाऱ्या बायकामुलांस कोणी उपाशी ठेवणार नाही, हा भरवसाही तिच्या पाठीशी होता.

तत्त्वदृष्ट्याही एक भेद ध्यानात घेणे इष्ट. देह म्हणजे टाकावयाचे जीर्ण वस्त्र, ही कल्पना आपल्याकडे रूढ आहे. आद्य ख्रिस्ती मंडळींनी मात्र आत्म्याच्या अमरत्वापेक्षा देहाच्या पुनरुत्थानावर भर दिला. जो देह फटके खातो त्यालाच वचन आहे, हे दासास समजावयास पंडिताची गरज नव्हती.

आता टिळकांच्या दाव्याकडे वळू. आद्य मंडळीतही बाप्तिस्मा न घेतलेला श्रोतृवर्ग होता. तिसऱ्या शतकात त्याची उमेदवारी कोठे कोठे तीन वर्षांची असे. परंतु तो वर्ग बाप्तिस्म्याच्या दारात उभा असे, आणि अंतिम पंक्तीस त्याला प्रवेश नसे. टिळकांनी दारच काढून टाकले. तेव्हा ऐतिहासिक दृष्ट्या दरबार ही आद्य मंडळीची पुनरावृत्ती नव्हे. संतांच्या दिंडीशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. मात्र थांबलेल्या माणसास थांबू देणे, हा गुण दोहोंत समान होता, आणि तो टिळक घरीच शिकले असावेत. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरास परतल्या, तरी सोवळेओवळे त्यांनी लगेच टाकले नाही. पाण्यापासून पंक्तीपर्यंतची एकेक अढी कशी सुटत गेली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊकच आहे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो त्यांच्या स्वतःच्या निर्णयाने.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचा उरलेला, आणि कितीतरी मोठा, भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३६ साली त्या वारल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते महाकाव्य छापून प्रसिद्ध झाले.