आटीव रसाची कुळकथा

उरणच्या खाडीकाठच्या ज्या दोन धंद्यांनी इंग्रजी अमदानीत सरकारी तिजोरीत भर घातली, ते दोन्ही मूलतः पाण्याची वाफ करण्याचे धंदे होते. पहिला मिठागरांचा: भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवावे, ऊन आणि वारा यांच्या स्वाधीन करावे, आणि मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला म्हणजे जे दाणे धरू लागतात ते ओढून त्यांची रास करावी. दुसरा मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचा: वाळलेली फुले भिजवून आंबवावीत, तापवावीत, आणि निघालेली वाफ थंड करून मुंबईस रवाना करावी; १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने या व्यवहारावर सरकारचा अंमल अधिकच घट्ट बसला. मिठागरात वाफ आकाशाला द्यावयाची आणि तळाशी राहील ते आपले म्हणावयाचे. भट्टीत वाफ आपली आणि तळाशी राहील ते टाकाऊ. द्रोणागिरीच्या डोंगराखाली सिडकोने वसविलेल्या नव्या नगरात आज एखादी गृहिणी बाल्सामिक व्हिनेगर मंद आचेवर ठेवून त्याचा दाट, काळसर, आंबटगोड ग्लेझ करू लागते, तेव्हा ती जाणता-अजाणता यांपैकी पहिल्या, म्हणजे मिठागराच्याच विद्येचा अवलंब करीत असते. आणि या पदार्थाचे कूळ शोधू गेल्यास ते त्याच विद्येच्या वंशात सापडते.

बाल्सामिक व्हिनेगरची जन्मभूमी म्हणजे इटलीतील मोदेना आणि तिच्या शेजारचे रेज्जो एमिलिया हे दोन प्रांत. इ. स. १०४६ मध्ये जर्मन राजा तिसरा हेन्री राज्याभिषेकासाठी इटलीत आला असता कानोसाच्या बोनिफाचो सरदाराने त्यास उत्तम व्हिनेगर नजर केल्याची हकीकत दोनिझो नामक साधूने पुढे लिहून ठेविली आहे. तथापि ‘बाल्सामिक’ हे विशेषण मोदेनाच्या राज्यकर्त्या एस्ते घराण्याच्या तळघराच्या दप्तरात आढळते ते १७४७ साली. या पारंपरिक व्हिनेगरचा विधी मोठा दीर्घसूत्री आहे. त्रेब्बियानो, लाम्ब्रुस्को इत्यादी द्राक्षांचा ताजा रस उघड्या कढईत तासन्‌तास आटवावा, तो आंबू द्यावा, आणि मग ओक, चेस्टनट, तुती, चेरी, जुनिपर अशा निरनिराळ्या लाकडांच्या, उतरत्या आकाराच्या पिंपांच्या मालिकेत घराच्या माळ्यावर ठेवावा. उन्हाळ्यात तेथे उष्म्याने पाणी लाकडावाटे उडून जाते, हिवाळ्यात रस निवळतो. दर वर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडा रस काढावा, आणि त्याची तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरीत जावी. किमान मुदत बारा वर्षांची; ‘अतिवृद्ध’ या उपाधीसाठी पंचवीस. युरोपीय संघाने २००० साली या जिनसास संरक्षित नावाचा दर्जा दिला.

बाजारात सर्वत्र मिळणारा, आपल्याकडच्या दुकानांतही दिसणारा ‘मोदेनाचा बाल्सामिक’ हा मात्र याचा धाकटा भाऊबंद होय. त्याच्या नावाला २००९ मध्ये निराळे संरक्षण मिळाले. त्यात आटविलेला किंवा घट्ट केलेला द्राक्षरस आणि द्राक्षमद्याचे व्हिनेगर यांचे मिश्रण असते, आणि लाकडी भांड्यात त्यास साठ दिवसांचा वास पुरतो. यामुळेच तो पातळ असतो, आणि यामुळेच ग्लेझ करण्याची आवश्यकता उत्पन्न होते. पिंपाने बारा वर्षांत जे पाणी हळूहळू घालविले असते, ते शेगडी घटकाभरात घालविते.

परंतु हा अग्नीचा मार्ग कोणी आधुनिक, घाईत असलेल्या गृहस्थाने शोधलेला आडमार्ग आहे असे समजणे अन्यायाचे होईल. वस्तुतः तो पिंपांच्या मार्गाहून पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला आणि प्लिनी या रोमन ग्रंथकारांनी द्राक्षरस अर्धा वा एक-तृतीयांश उरेपर्यंत आटवून केलेल्या पाकांचे वर्णन केले आहे, आणि मद्य, फळे, मांस या सर्वांत त्यांचा उपयोग होत असे. दुर्दैवाने त्यांनी या कामी शिशाची भांडी प्रशस्त मानिली, आणि रसातील आम्लाने शिसे विरघळून ते विष गोड चवीच्या आड थाळीत उतरत राहिले.

आपल्या देशातही ही विद्या परकी नाही. उसाचा रस आटवून होणाऱ्या फाणिताचा, म्हणजे आजच्या काकवीच्या पूर्वजाचा, उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूळ, खांड व शर्करा यांच्या पंक्तीत येतो. आयुर्वेदाने तर आटवणीची परीक्षाच शास्त्रबद्ध केली: अवलेह, म्हणजे औषधी चाटण, सिद्ध झाला हे ओळखावे कसे, याविषयी शार्ङ्गधरसंहितेत तार धरणे, पाण्यात टाकता बुडणे व न पसरणे, बोटांनी दाबता ठसा उमटणे अशी लक्षणे दिली आहेत. गोड पाकासाठी आजही आमच्या घरांत तार पाहिली जाते, ती याच परंपरेने.

ग्लेझची कृती या परीक्षांच्याच आधाराने करावी. पाव लिटर व्हिनेगर जाड बुडाच्या, पसरट, स्टेनलेस पोलादाच्या पातेल्यात घ्यावे. ॲल्युमिनियम, आणि कल्हई नसलेले तांबे-पितळ, ही भांडी आम्लामुळे सर्वथा वर्ज्य. आच मंद असावी आणि खिडकी उघडी, कारण पाण्याबरोबर ॲसेटिक आम्लाचाही काही अंश उडतो आणि पहिल्या वाफेने डोळे चुरचुरतात. ते आम्ल ११८ अंशांवर उकळत असल्याने त्याचा बराचसा भाग मागे राहतो. द्राक्षांची साखर तर सगळीच राहते, आणि दाटपणा येतो तो तिच्यामुळे. प्रारंभी बुडबुडे बारीक व चपळ असतात. रस अर्ध्याच्या खाली आला म्हणजे ते मोठे, चकचकीत आणि आळसावलेले होतात, आणि तिखट वासाच्या जागी मनुकांचा वास येऊ लागतो. अशा वेळी थंड ताटलीवर एक थेंब टाकावा व त्यातून बोट फिरवावे. पडलेली वाट बुजली नाही तर पातेले तत्काळ उतरावे. निवल्यावर रस आणखी दाटतो, म्हणून मनास किंचित पातळ वाटतो तोच योग्य क्षण. पुढे दोन मिनिटांचा विलंब झाला तर साखर करपून कडवटपणा येतो, आणि त्यावर उपाय नाही. केवळ अधिक दाटला असेल तर चमचाभर गरम पाण्याने तो सैल होतो. मुळातच व्हिनेगर फार आंबट व बेताच्या गोडीचे निघाल्यास चमचाभर काकवी घालावी. भाजलेली कोळंबी, पनीर, टोमॅटो, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी, या सर्वांना तो शोभतो.

शेगडी पाणी घालवू शकते. लाकडाचा गंध, आणि दीर्घकाळात आम्ल व शर्करा यांच्यात जे ऐक्य घडते ते, तिला देता येत नाही. म्हणून घरचा ग्लेझ हा पंचवीस वर्षांच्या व्हिनेगरची नक्कल म्हणून तोलला तर नित्य उणाच ठरेल. तो तोलावा त्याच्या खऱ्या कुळाने, आटविलेल्या द्राक्षरसाच्या कुळाने. आणि ते कूळ आपल्या अगदी हाताशी आहे. फेब्रुवारी-मार्चात नाशिकची द्राक्षे मुबलक येतात, तेव्हा त्यांचा रस काढून, गाळून, तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवावा आणि निवताना त्यात चवीपुरते द्राक्षमद्याचे व्हिनेगर मिसळावे. त्यास मोदेनाचे नाव देऊ नये. बारा वर्षे वाट पाहणाऱ्यांच्या श्रमांचा मान त्यांच्यापाशीच राहावा. आपला रस आपल्या द्राक्षांच्या नावाने ओळखला जावा आणि दर हंगामी घरोघरी होऊ लागावा, एवढीच माझी मनःपूर्वक इच्छा आहे.