हरलेला प्रशिक्षक आणि चिखलातली अंतिम लढत

(१) पांढरकवडा हे नाव इतिहासप्रेमींना एप्रिल १८१८ मुळे ठाऊक असते. चांद्याच्या रोखाने निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कर्नल ॲडम्सने याच परिसरात गाठून मोडले. या मातीची नोंद एका पराभवाने झाली आहे. म्हणून जय-पराजयाच्या अर्थाविषयीचा हा धागा येथूनच सुरू करू.

(२) डिसेंबर १८९१. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड. हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. त्यांतील एक नियम निर्णायक होता : चेंडू हाती आला की धावायचे नाही, जेथे मिळाला तेथूनच तो फेकायचा.

(३) या एका नियमाने बलदंड खेळाडूचा एकछत्री अंमल संपवला. चेंडू पुढे न्यायचा तर सहकाऱ्याकडे सोपवणे भाग होते. नेस्मिथने सांघिकतेवर प्रवचन दिले नाही. तिच्यावाचून खेळ पुढे सरकणारच नाही, अशी रचना केली.

(४) पुढे कॅन्सस विद्यापीठात तो प्रशिक्षक झाला. त्याच्या संघाच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत विजयांहून पराभव अधिक असलेला तो एकटाच. आणि खेळाचा जनकही तोच! हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, अशी त्याची धारणा होती.

(५) त्याचा शिष्य फॉग ॲलन याला हे मान्य नव्हते. परिश्रम, सराव आणि परस्परांची जाण शिकवता येते, असे मानून त्याने प्रशिक्षणालाच आयुष्य वाहिले. बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे म्हणून झटणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

(६) ते स्थान मिळाले १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत. १४ ऑगस्टला अमेरिका व कॅनडा यांच्यातील अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे तो आपटत नेण्याचे वैयक्तिक कौशल्य निरुपयोगी ठरले. उरला तो केवळ हातातून हातात जाणारा चेंडू. अमेरिका १९–८ अशी जिंकली. त्या स्पर्धेला वृद्ध नेस्मिथ उपस्थित होता. पावसाने जणू त्याचा १८९१ चा नियम पुन्हा लागू केला.

(७) त्याच वर्षी, त्याच शहरात आपल्या वऱ्हाडातील तरुणही होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ही पदकाची लढत नव्हती. अपरिचित प्रेक्षकांसमोर आपला खेळ नेटका मांडणे, एवढेच यश त्यांना मिळवायचे होते.

(८) कबड्डीचे तत्त्व पाहा. चढाईवर गेलेला एकटा असतो. पकड मात्र साखळीची असते. एकाने घाईने हात सोडला की साखळी तुटते. संजीवनी प्रकारात तर प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येतो. सहकाऱ्याच्या पराक्रमाने मला पुन्हा संधी मिळते. सांघिकतेची याहून सोपी व्याख्या कोणती?

(९) तथापि सावध असावे. ज्या बर्लिनमध्ये हे घडले, तेथे नाझी सत्ता शिस्तबद्ध रांगांचे प्रदर्शन मांडून होती. हुकमावर चालणारी रांग आणि खेळणारा संघ बाहेरून सारखेच दिसतात. भेद हा की, संघातील प्रत्येकाला ऐन क्षणी स्वतः ठरवावे लागते : चेंडू द्यावा की ठेवावा, हात धरावा की सोडावा. अमरावतीचे तरुण स्वतः पारतंत्र्यातून आले होते. त्यांच्या खेळात मात्र हा निर्णय त्यांचाच होता.

(१०) स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, कबड्डी आणि बास्केटबॉल या दोन्ही खेळांचे राष्ट्रीय महासंघ भारतात उभे राहिले. त्यानंतर गुणफलक मोठे झाले, प्रशिक्षण हा व्यवसाय झाला. तरी गुरु-शिष्यांचा वाद संपलेला नाही. ॲलनचे परिश्रम नसते तर खेळ बर्लिनला पोहोचला नसता. आणि नेस्मिथचा नियम नसता तर पोहोचवण्याजोगे काही उरले नसते. पांढरकवड्याच्या एखाद्या मैदानावर संध्याकाळी साखळी धरून उभ्या राहिलेल्या मुलांना दोघांचीही गरज आहे.