लेप्यावरचा रवा

लेप्यासमोर गिऱ्हाईक थांबतं ते बहुधा पापलेट परवडलं नाही म्हणून. (पापलेट चपटं खरं, पण ते उभं पोहतं, लेप्याच्या गोतात त्याला धरू नये.) लेपा चिखल-वाळूत एका कुशीवर पडून राहतो. पिलाचे डोळे दोन बाजूंना असतात, पुढे एक सरकत दुसऱ्याशेजारी येतो. पावसानंतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की बांगड्या-तारल्यांबरोबर लेपे येत, आणि दोराला हात लावणाऱ्याच्या वाट्यातही पडत. त्यामुळे तो घरच्या तव्यावरचा मासा.

हॉटेलात ‘पारंपरिक’ म्हणून लालभडक, रव्यात घोळलेला लेपा मिळतो. त्यातलं जुनं किती? मिरची १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. रवा गव्हाचा, आणि गहू काही कोकणपट्टीचं पीक नव्हे. घरोघरी असायचं ते तांदळाचं पीठ. कोकम तेवढं अस्सल इथलं.

वेंगुर्ल्याची माझी आत्या रव्याला हातच लावत नसे. डोक्यापाशी चीर द्यायची, बोटांना मीठ लावायची आणि साल शेपटीपर्यंत ओढून काढायची. मीठ, हळद, मिरचीपूड, कोकमाचं आगळ चोळून थोडा वेळ ठेवायचं, वर तांदळाच्या पिठाचा नुसता हात, आणि तव्यावर बेताचं खोबरेल. मासा पातळ, एकेक बाजू तीन-चार मिनिटांत होते. मी उलथनं घेऊन घुटमळलो की ओरडायची, “सारखो परतू नको रे, मोडतलो!” शिजला की मधल्या काट्यावरून मांस अलगद सुटतं. रवा शिळेपणा झाकायला बरा. ताज्या लेप्याला तो कशाला?

पुढे ट्रॉलर तळ खरवडू लागले, आणि लेपा तर तळावरचाच. गोव्यात १९७०च्या दशकात त्याविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले. १९८०मध्ये गोव्यात, १९८१मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. ट्रॉलर कायद्याने आखलेली हद्द ओलांडतात ही तक्रार मात्र अजून जुनी झालेली नाही.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत माझी भिस्त सुक्या लेप्यावर. जाळीवर भाजायचा, वर दोन थेंब खोबरेल, सोबत गरम पेज. वास जिन्यापर्यंत जातो. शेजारी कुरकुरले तर कुरकुरोत.