अलेघेनी : एका शहराचे 'नॉर्थ साइड' होणे

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अलेघेनी नदीच्या एका तीरावर पिट्सबर्ग आणि समोरच्या तीरावर अलेघेनी, अशी दोन शहरे होती. आज नकाशात दुसरे सापडत नाही. तिथे 'नॉर्थ साइड' असे लिहिलेले दिसते. ज्याला स्वतःचे नाव होते, त्याची ओळख आता शेजाऱ्याच्या दिशेवरून!

अलेघेनीची आखणी १७८८ सालची. मधोमध चौक, भोवती गुरे चारायला मोकळे रान. १८४० साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. १८४८ मध्ये स्कॉटलंडहून आलेले एक गरीब विणकर कुटुंब इथेच उतरले. त्यातला तेरा वर्षांचा अँड्र्यू कार्नेगी आठवड्याला सव्वा डॉलरहून कमी मजुरीवर सूतगिरणीत राबला. कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ कामकरी मुलांना आपली पुस्तके वाचायला देत. पुढे पोलादसम्राट झालेल्या कार्नेगीने त्याची जाण ठेवून अलेघेनीला ग्रंथालय बांधून दिले. १८९० मध्ये ते खुले झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हॅरिसन हजर होते.

१९०० च्या जनगणनेत अलेघेनीत सुमारे १,३०,००० लोक होते, तर पिट्सबर्गमध्ये ३,२१,०००. पिट्सबर्गला मोठे व्हायचे होते. अलेघेनीकरांना धास्ती होती, की शेजाऱ्याच्या कर्जाचा बोजा आपल्या करांवर पडेल. १९०६ मध्ये राज्याने कायदा केला. मतदान दोन्ही शहरांत घ्यायचे, पण मते एकत्र मोजायची. अलेघेनीने बहुमताने नकार दिला. पिट्सबर्गच्या मतांत तो बुडून गेला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९०७ मध्ये निकाल लागला, की शहरे ही राज्याने सोयीसाठी निर्माण केलेली असतात, राज्य त्यांना रहिवाशांच्या संमतीविनाही जोडू शकते. डिसेंबरात अलेघेनी संपले. नंतर पिट्सबर्गमधल्या नावांशी गोंधळ नको म्हणून तिथल्या कित्येक रस्त्यांची नावेही बदलली. १९६० च्या दशकात नूतनीकरणाच्या नावाखाली मधल्या भागातल्या शेकडो इमारती पाडल्या. १८६३ ची मंडईही त्यात गेली. त्या जागी मॉल उभा राहिला. गुरांचे रान मात्र उद्यान होऊन टिकले आहे. ग्रंथालयाची इमारतही उभी आहे, फक्त ग्रंथालय २००९ मध्ये दुसरीकडे गेले.

मी नागरिकशास्त्र शिकवत असताना 'बहुमत म्हणजे लोकशाही' असे फळ्यावर लिहीत असे. ते चूक नाही. पण बहुमत कोणाचे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मोजणारी चौकट कुठे आखली, यावरच निकाल ठरतो. चौकट आखणाऱ्याला मत द्यावेच लागत नाही.

मोठी शहरे वाढणारच, त्याला इलाज नाही. पाणी, सांडपाणी, रस्ते यांची सोय एकत्र केलेली बरी, हेही खरे. पण ज्याला सामावून घ्यायचे, त्याची मते वेगळी मोजावीत, एवढे सौजन्य पाळायला काय हरकत आहे?